परसातील आजारी व जखमी कोंबडीची शुश्रूषा

परसात पाळलेली कोंबडी आजारी पडली किंवा जखमी झाली असता तिला कळपापासून वेगळे ठेवणे, तिला योग्य ऊब अथवा गारवा देणे, पाणी व मऊ अन्न पुरवणे आणि जखमेची निगा राखणे या सर्व क्रियांचा समावेश तिच्या घरगुती शुश्रूषेत होतो. व्यापारी कुक्कुटपालनात एकेका पक्ष्यावर उपचार क्वचितच केले जातात. तेथे रोगनिदान व औषधोपचार संपूर्ण कळपाचा विचार करून ठरतात. परसात मात्र पाच-दहा पक्षीच असतात, त्यांतील प्रत्येक कोंबडी घरच्यांना ओळखीची असते, आणि एका खुडुक कोंबडीचा मृत्यू म्हणजे पुढील पिलांचाही तोटा असतो. त्यामुळे एकट्या पक्ष्याची शुश्रूषा येथे अर्थपूर्ण ठरते.

जखम, मोडलेले हाड, उन्हाचा ताप किंवा अडकलेले अंडे यांवर घरच्या निगेने चांगला गुण येऊ शकतो. संसर्गजन्य रोगात मात्र तीच कोंबडी घरातील आणि गावातील इतर पक्ष्यांना धोका ठरते. म्हणून हे दोन प्रकार प्रथम वेगळे ओळखणे हाच या शुश्रूषेचा पाया होय.

वऱ्हाडातील पार्श्वभूमी

अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर हे तालुक्याचे ठिकाण मुंबई–नागपूर लोहमार्गावर अकोला व बडनेरा यांच्या दरम्यान वसले आहे. काळ्या जमिनीचा हा भाग कापूस, तूर, सोयाबीन व ज्वारीचा आहे. येथील गावांत गावठी कोंबड्या दिवसभर उकिरडा, गोठा आणि अंगण यांत मोकळ्या हिंडून किडे, दाणे व शिळे अन्न वेचतात आणि रात्री खुराड्यात किंवा डालग्याखाली कोंडल्या जातात. या मोकळेपणामुळे त्यांचा पोसण्याचा खर्च जवळजवळ नसतो. परंतु कुत्रे, मांजर, मुंगूस व शिक्रा यांचे हल्ले, शेतीतील विषारी रसायने आणि शेजारच्या कोंबड्यांचे रोग यांपासून त्यांना आडोसाही नसतो. गावठी कोंबडी वर्षाला साधारण ५० ते ८० अंडी देते. अंड्यांचा व कोंबड्यांचा हा पैसा अनेक घरांत बाईच्या हाती राहतो, आणि आजारी कोंबडीकडे पाहण्याचे कामही बहुधा तिच्याकडेच असते.

जनावरांच्या सेवेची परंपरा या तालुक्याला नवी नाही. गाडगे महाराजांचे (१८७६–१९५६) बालपण मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे मामाच्या घरी गेले. त्यांनी १९२५ मध्ये मूर्तिजापूर येथे गोरक्षणाचे कार्य केले, तसेच नवसापोटी कोंबड्या-बकऱ्यांचे बळी देण्याच्या प्रथेविरुद्ध आपल्या कीर्तनांतून सातत्याने प्रबोधन केले. तथापि गायीसाठी जशी गोरक्षणे उभी राहिली तशी कोणतीही व्यवस्था कोंबडीच्या वाट्याला आली नाही. आजारी कोंबडीचे भवितव्य प्रायः दोनच गोष्टींनी ठरत आले आहे: ती मरण्यापूर्वी कापणे किंवा बाजारात विकणे. यांपैकी दुसरा मार्ग रोगप्रसाराच्या दृष्टीने अत्यंत घातक आहे.

आजार ओळखणे

कोंबडी दुखणे लपवते. कळपातील दुबळ्या पक्ष्यावर शिकारी प्राण्याची नजर प्रथम जाते आणि इतर कोंबड्याही त्यालाच टोचतात, म्हणून आजारी कोंबडी शक्य तितका वेळ निरोगी असल्याप्रमाणे वागते. ती पिसे फुलवून, मान आखडून, डोळे मिटून कोपऱ्यात उभी राहिलेली दिसते तेव्हा आजार बराच पुढे गेलेला असतो. निरोगी कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असते. त्यामुळे हाताला ती नेहमीच गरम लागते आणि स्पर्शावरून ताप ठरवता येत नाही. त्यापेक्षा सकाळी खुराडे उघडताना पाहिलेल्या गोष्टी अधिक उपयोगी पडतात: कोण शेवटी बाहेर आली, कोणाचा तुरा फिकट किंवा निळसर आहे, कोणाची विष्ठा हिरवी, पाण्यासारखी किंवा रक्ताळलेली आहे, कोण दाण्याकडे धावली नाही. गळ्याच्या मुळाशी असलेली अन्नाची पिशवी पहाटे रिकामी असावी लागते. ती सकाळीही कडक किंवा पाण्याच्या फुग्यासारखी भरलेली लागली तर अन्न पुढे सरकत नाही असे समजावे.

आजारी कोंबडी एकच असेल आणि तिच्या अंगावर जखम, सूज किंवा लंगडणे यांसारखे उघड कारण दिसत असेल, तर घरगुती निगा पुरेशी ठरण्याची शक्यता असते. दोन-तीन दिवसांत एकाहून अधिक कोंबड्या सुस्त झाल्या, घरघर लागली, तोंडातून चिकट लाळ येऊ लागली किंवा काही पक्षी लक्षणांशिवायच मेले, तर तो संसर्गजन्य रोग आहे असे गृहीत धरून वागणे आवश्यक असते.

मानमोडी

मराठीत मानमोडी आणि भारतात सर्वत्र राणीखेत या नावाने ओळखला जाणारा विषाणुजन्य रोग हा परसातील कोंबड्यांचा सर्वांत मोठा शत्रू होय. १९२६ मध्ये तो जावा बेटावर व इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे आढळला. त्यानंतर लवकरच कुमाऊँ प्रदेशातील राणीखेत येथे त्याची नोंद झाली आणि त्या गावाचे नाव रोगाला कायमचे चिकटले. याच प्रदेशातील मुक्तेश्वर येथील प्रयोगशाळेत १९४० च्या दशकात तयार झालेली ‘आर-टू-बी’ लस भारतात आजही वापरली जाते.

या रोगात श्वासाचा त्रास, हिरवट हगवण, पाय व पंख लुळे पडणे आणि मान पिळवटणे ही लक्षणे दिसतात. लस न दिलेल्या कळपातील बहुतेक सर्व पक्षी दगावू शकतात. विषाणूवर कोणतेही औषध नाही. जगलेल्या काही पक्ष्यांची मान आठवडेच्या आठवडे वाकडी राहते. त्यांना हाताने भरवून जगवता येते, पण ते बरेच दिवस विषाणू बाहेर टाकत राहतात, म्हणून त्यांना कळपात सोडू नये. मान लुळी पडून जमिनीवर टेकली असेल, परंतु पिळवटलेली नसेल, तर सडलेले मांस किंवा त्यातील अळ्या खाल्ल्याने होणाऱ्या विषबाधेचाही संशय घ्यावा लागतो. गावाबाहेर टाकलेल्या मेलेल्या जनावराजवळ कोंबड्या चरत असतील तर असे घडते.

मानमोडी गावात शिरल्याची कुणकुण लागताच कोंबड्या घाईने विकून टाकण्याची प्रवृत्ती सर्वत्र दिसते. नुकसान टाळण्याचा तो समजण्यासारखा प्रयत्न असला, तरी लक्षणे दिसण्यापूर्वीच संसर्ग झालेले पक्षी आठवडी बाजारातून चार गावांत पोहोचतात. विकत आणलेली नवी कोंबडी दोन ते तीन आठवडे वेगळी ठेवावी, असे सुचवले जाते ते यामुळेच.

प्रतिबंधासाठी पिलांना पहिल्या आठवड्यात ‘लासोटा’ लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात दिला जातो आणि सुमारे आठ आठवड्यांच्या वयानंतर ‘आर-टू-बी’ लस टोचली जाते. परसातील पालकाची खरी अडचण लसीच्या किमतीची नसून तिच्या कुपीची असते. एका कुपीत बहुधा शंभर किंवा त्याहून अधिक मात्रा असतात, ती बर्फात ठेवावी लागते आणि विरघळवल्यावर काही तासांतच संपवावी लागते. सहा कोंबड्यांसाठी ती उघडणे कोणालाच परवडत नाही. वस्तीतील सर्व घरांनी एकाच दिवशी कोंबड्या कोंडून ठेवून लसीकरण करून घेणे हा त्यावरचा व्यवहार्य उपाय होय. रात्री खुराड्यात बसलेले पक्षी सहज हाती लागत असल्याने हे काम पहाटे उरकणे सोयीचे असते.

बर्ड फ्लूबाबत घरगुती उपचाराचा प्रश्नच उद्भवत नाही. भारतातील त्याचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे झाला. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावातही तो आढळला. अशा वेळी बाधित क्षेत्रातील पक्षी शासनामार्फत नष्ट केले जातात. अचानक अनेक पक्षी किंवा परिसरातील कावळे मरू लागल्यास मृत पक्ष्याला उघड्या हाताने स्पर्श न करता पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. संसर्गजन्य रोगाच्या संशयाची माहिती ग्रामपंचायतीला किंवा संबंधित अधिकाऱ्याला देणे हे पशुरोग प्रतिबंध व नियंत्रणविषयक २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार मालकाचे कर्तव्य आहे.

वेगळी जागा

आजारी कोंबडीसाठी पुठ्ठ्याचे खोके, मोठी टोपली किंवा उलटे घातलेले डालगे पुरते. तळाशी गोणपाट किंवा सोयाबीनचे कोरडे कुटार पसरावे. गुळगुळीत फरशीवर दुखरा पाय घसरतो. जागा अंधारी व शांत असावी. भेदरलेला पक्षी उजेडात व माणसांच्या वर्दळीत जखमेपेक्षाही भीतीने खचतो, असा अनुभव आहे. हल्ल्यातून वाचलेल्या कोंबडीचा रक्तस्राव थांबवल्यावर तासभर तिला न हाताळता अंधारात ठेवणे हा पहिला उपचार होय. थंडीच्या रात्री खोक्याच्या एका बाजूला गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवावी. दुसरी बाजू गारच असावी, म्हणजे नको असल्यास कोंबडी सरकून बसू शकते.

आजारी पक्ष्याचे काम दिवसाच्या शेवटी करावे. प्रथम निरोगी कोंबड्यांना दाणा-पाणी देऊन मग आजारी कोंबडीकडे जाणे आणि त्यानंतर हात साबणाने धुणे एवढ्या साध्या क्रमाने रोगाचा बराच प्रसार टळतो. तिची पाण्याची वाटीही वेगळी हवी.

पाणी व अन्न

कोंबडी अन्नावाचून काही दिवस तग धरते, पाण्यावाचून नाही. अशक्त पक्ष्यासाठी एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून ते एक-दोन दिवस द्यावे. मिठाचे प्रमाण वाढवू नये. जास्त मीठ कोंबडीला बाधते.

चोच उघडून पाणी ओतणे ही शुश्रूषेतील सर्वांत नेहमीची आणि सर्वांत महागात पडणारी चूक आहे. कोंबडीच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशी अगदी समोर उघडते. ओतलेले पाणी थेट त्यात जाते. त्याऐवजी चोचीच्या कडेला एकेक थेंब लावावा आणि कोंबडी स्वतः मान वर करून गिळेपर्यंत थांबावे. शुद्धीवर नसलेल्या पक्ष्याला तोंडाने काहीही देऊ नये.

अन्न म्हणून ज्वारीच्या किंवा तांदळाच्या शिजवलेल्या कण्या, कुस्करलेले उकडलेले अंडे आणि बारीक चिरलेली कोवळी पालेभाजी चालते. कापसाच्या या पट्ट्यात सरकी व तिची ढेप घरोघरी असते. परंतु सरकीतील गॉसिपॉल हा घटक कोंबड्यांना अपायकारक असून त्यामुळे अंड्यातील बलक हिरवट-तपकिरी पडतो. गुरांची ढेप म्हणून गुरांपुरतीच ठेवणे इष्ट. बुरशी आलेला मका किंवा भुईमुगाची पेंड यकृतावर घाला घालते, मग ती कितीही थोडी दिलेली असो.

जखमा

रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडक्याने पाच मिनिटे न सोडता दाबून धरावे. नखी किंवा वाढते पीस तुटून होणारा रक्तस्राव थांबवण्यासाठी पीठ किंवा हळद दाबण्याची रीत आहे व लहान जागी ती उपयोगी पडते. चुलीची राख मात्र खोल जखमेत भरू नये, कारण ती घाण आत बंदिस्त करते.

जखमेभोवतीची पिसे हलक्या हाताने कापून जागा उघडी करावी. एक लिटर पाणी उकळून गार करून त्यात नऊ ग्रॅम, म्हणजे सुमारे दीड चहाचा चमचा मीठ घातले की जखम धुण्याचे द्रावण तयार होते. त्यानंतर पाण्याने पातळ केलेले पोव्हिडोन आयोडिन लावता येते. फिनेल, रॉकेल व टर्पेंटाइन ही गोठ्यातील द्रव्ये कोंबडीच्या पातळ त्वचेवर वापरू नयेत. माश्यांच्या दिवसांत उघडी जखम एका रात्रीत अळ्यांनी भरते. अळ्या चिमट्याने एकेक काढून जखम पुन्हा धुवावी लागते आणि पक्षी मच्छरदाणीखाली ठेवावा लागतो.

मांजराच्या किंवा कुत्र्याच्या दाताची जखम वरून टाचणीएवढी दिसली तरी आत खोल असते आणि तिच्यात जंतू शिरलेले असतात. अशा कोंबडीला पशुवैद्यकाने दिलेल्या प्रतिजैविकाची गरज पडण्याचा संभव मोठा असतो. हल्ल्यानंतर त्वचा फुग्यासारखी फुगून दाबल्यावर करकरली, तर शरीरातील हवेची पिशवी फाटून हवा कातडीखाली साचलेली असते. पक्ष्यांच्या फुप्फुसांना अशा अनेक पिशव्या जोडलेल्या असतात आणि पंखाचे खांद्याजवळचे हाडही पोकळ असून त्या व्यवस्थेशी जोडलेले असते. तेथील उघड्या जखमेत द्रावण ओतल्यास ते श्वसनमार्गात उतरू शकते. म्हणून ती ओल्या कापसाने केवळ पुसावी.

मोडलेले हाड

पक्ष्यांची हाडे लवकर सांधतात. साधी मोडतूड दोन ते तीन आठवड्यांत जुळते. लोंबणारा पंख नैसर्गिक घडीत मिटून मऊ पट्टीने अंगाशी बांधतात. ही पट्टी सैल असणे अत्यावश्यक आहे. कोंबडीला माणसासारखा श्वासपटल नसतो; छातीचे हाड खाली-वर हलवूनच ती श्वास घेते. घट्ट बांधलेली कोंबडी तोंड उघडून धापा टाकते आणि गुदमरून मरू शकते. पट्टीखाली बोट सहज सरकले पाहिजे.

पायाच्या खालच्या, पिसे नसलेल्या भागातील हाड मोडले असल्यास कापूस गुंडाळून बांबूच्या दोन पातळ कामट्यांचा आधार देता येतो. त्यावरील, मांसल भागातील हाड घरी बसवण्याचा प्रयत्न करू नये. लंगडणारी प्रत्येक कोंबडी हाड मोडलेली असते असेही नाही. बोटांभोवती सुतळी, कापसाचा धागा किंवा केस गुंतून रक्त अडते आणि बोट काळे पडते. बारीक कात्रीने धागा वेळीच कापल्यास ते वाचते. एक पाय पुढे व एक मागे ताणून पडलेली तरुण कोंबडी मात्र बहुधा मरेक नावाच्या विषाणुजन्य रोगाची असते आणि ती बरी होत नाही.

वऱ्हाडी उन्हाळा

मे महिन्यात अकोला परिसराचे तापमान ४४–४५ अंशांवर जाते. कोंबडीला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकणे व पंख अंगापासून दूर धरणे एवढेच तिच्या हाती असते. तुरा काळवंडून ती लोळू लागली की तिला सावलीत हलवून पाय, तुरा व पंखांखालचा भाग साध्या, माठातील पाण्याने भिजवावा. बर्फाचे पाणी वापरू नये. शुद्धीवर येताच थेंबथेंब पाणी द्यावे. दुपारी दाणा देणे टाळावे, कारण पचनानेही उष्णता वाढते. पत्र्याच्या खुराड्यावर पऱ्हाटी किंवा तुराट्यांचा थर टाकून त्यावर ओले गोणपाट पसरणे हा या भागातील स्वस्त आणि खरोखर परिणामकारक उपाय आहे.

इतर नेहमीच्या तक्रारी

वारंवार घरट्यात बसून जोर करणारी, शेपटी खाली-वर हलवणारी कोंबडी अंडे अडल्याने हैराण असू शकते. तिला पोटापर्यंत कोमट पाण्यात १५ ते २० मिनिटे बसवून मार्गाला थोडे गोडे तेल लावावे आणि अंधारात ठेवावे. दाबून अंडे फोडू नये. कवचाचे तुकडे आत जखम करतात.

देवी हा डासांमार्फत पसरणारा रोग असून त्यात तुरा, पापण्या व चोचीभोवती खपल्या येतात. तोंडात पांढरा थर धरला नसेल तर तो काही आठवड्यांत आपोआप बरा होतो. मिठाच्या पाण्याने डोळे उघडे ठेवणे व हाताने भरवणे एवढेच करावे लागते. खपल्या खरवडू नयेत, त्यांतच विषाणू असतो.

कोंबडी सुकत चालली आहे, तुरा पांढरट पडला आहे आणि दिवसा अंगावर काहीच सापडत नाही, अशा वेळी रात्री खुराड्याच्या भेगा विजेरीने पाहाव्यात. पक्ष्यांची गोचीड दिवसा मातीच्या भिंतीत व लाकडाच्या सांध्यांत लपते आणि रात्री रक्त पिते. येथे उपचार कोंबडीइतकाच खुराड्याला हवा: भेगा लिंपणे आणि चुना देणे.

जून महिन्यातील पेरणीनंतर अंगणात सांडलेले रंगीत, औषध लावलेले बियाणे हा वेगळा धोका आहे. लाळ गळणे, थरथर व अचानक लुळेपणा दिसल्यास विषबाधा समजून, बियाण्याची पिशवी सोबत घेऊन लगेच पशुवैद्यकाकडे जावे. अशी कोंबडी कापून खाऊ नये.

औषधे आणि पशुवैद्यक

माणसांच्या वेदनाशामक गोळ्यांचा तुकडा देण्याची पद्धत धोकादायक आहे. जनावरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकमुळे मृत जनावरांचे मांस खाणारी गिधाडे मोठ्या प्रमाणावर मेली आणि २००६ मध्ये भारतात त्याचा पशुवैद्यकीय वापर बंद करण्यात आला. घरात शिल्लक राहिलेली प्रतिजैविके अंदाजाने देणेही टाळावे. औषध चालू असताना व नंतर पशुवैद्यक सांगेल तितके दिवस त्या कोंबडीची अंडी खाण्यात येऊ नयेत. कोंबड्यांच्या खाद्यातून सर्रास दिल्या जाणाऱ्या कोलिस्टिनवर खाद्यप्राण्यांसाठी २०१९ मध्ये बंदी आली, कारण ते माणसांच्या उपचारातील अखेरच्या आधारांपैकी एक प्रतिजैविक आहे.

मूर्तिजापूर परिसरातील पालकाला स्थानिक शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्याखेरीज १९६२ या क्रमांकावरील फिरत्या पशुचिकित्सा पथकाचा आणि अकोला येथील स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्थेचा आधार आहे. ही संस्था नागपूर येथील महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत येते. अनेक पक्षी मेले असल्यास ताजा मृत पक्षी दुहेरी पिशवीत बंद करून शवविच्छेदनासाठी देणे हे जिवंत राहिलेल्यांच्या निदानासाठी सर्वाधिक उपयोगी असते. उरलेले मृत पक्षी चुना टाकून खोल खड्ड्यात पुरावेत. नाल्यात किंवा उकिरड्यावर टाकलेला पक्षी कुत्र्यांमार्फत दुसऱ्या वस्तीत पोहोचतो.

कळपात परत

कोंबड्यांत टोचण्याचा एक ठरलेला क्रम असतो. नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ थोरलाइफ श्येल्डेरुप-एब्बे यांनी १९२१ च्या सुमारास त्याचे प्रथम वर्णन केले. दोन आठवडे दूर राहिलेली कोंबडी या क्रमातील आपली जागा गमावते आणि परतल्यावर नवखी म्हणून मार खाते. म्हणून संसर्गाचा संशय नसल्यास तिला जाळीपलीकडे, इतरांच्या नजरेसमोर ठेवावे. जखमेवर नवी त्वचा येऊन लाल रंग दिसेनासा झाल्याशिवाय तिला सोडू नये. लाल डाग दिसला की बाकीच्या तेथेच टोचतात. परत सोडण्याची योग्य वेळ रात्रीची असते. अंधारात तिला खुराड्यात इतरांच्या शेजारी बसवावे आणि सकाळी दाणा दोन-तीन ठिकाणी टाकून पहिला तासभर लक्ष ठेवावे.